सोपाऱ्याचे दप्तर

नालासोपारा हे मुळात एका गावाचे नाव नव्हे. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला नाळे आणि सोपारा ही दोन गावे होती, आहेत. स्टेशनाला त्या दोघांचे जोडनाव मिळाले आणि पुढे ते जोडनावच शहर झाले. आज विरार लोकलमधून रोज उतरणाऱ्या लाखो माणसांपैकी बहुतेकांना ‘नालासोपारा’ म्हणजे स्वस्त घर, जीवघेणी गर्दी आणि पावसाळ्यात रुळांवर चढणारे पाणी एवढेच ठाऊक असते. त्यात त्यांचा दोष नाही. पण या जोडनावातला दुसरा शब्द मुंबई या नावापेक्षा कितीतरी जुना आहे. त्याची लेखी नोंद सुमारे दोन हजार वर्षांची आहे, आणि त्याच्या मातीत सापडलेली अक्षरे त्याहूनही जुनी, थेट अशोकाच्या काळातली आहेत.

सोपाऱ्याविषयी दंतकथा भरपूर आहेत. परशुरामासाठी समुद्राने मागे सरून दिलेली भूमी म्हणजे शूर्पारक, असे महाभारत सांगते. बौद्धांच्या ‘दिव्यावदाना’त पूर्ण नावाचा सोपाऱ्याचा व्यापारी आहे. तो दासीपुत्र, चंदनाच्या व्यापारात श्रीमंत झालेला, पुढे भिक्षू होतो आणि बुद्धाला आपल्या गावी बोलावून चंदनाचा प्रासाद बांधतो. या कथा सुंदर आहेत, पण त्यांच्यावर इतिहासाची भिंत उभारता येत नाही. दर्यावर्दी व्यापारी म्हटला की कथाकाराला सोपारा आठवत असे, एवढेच त्यांतून निश्चित कळते. म्हणून त्या बाजूला ठेवून दगडावर, तांब्यावर आणि कागदावर उरलेल्या मजकुरातून गाव किती उभे राहते ते पाहू.

आधी जमीन समजून घ्यावी लागते. उत्तरेला वैतरणेचे मुख, दक्षिणेला उल्हास नदी समुद्राला मिळते ती वसईची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर, पश्चिमेला समुद्र. या दोन मुखांना जोडणारी एक खाडी पूर्वी मधून वाहत असे. त्यामुळे आगाशी, सोपारा, वसई हा सारा पट्टा बेटच होता. उघड्या समुद्राच्या लाटांपासून आडोसा, दोन्ही बाजूंनी आत शिरायला पाणी आणि पाठीमागे घाटाकडे जाणारी वाट, अशी ही जागा होती. शिडाच्या गलबताला याहून अधिक काय हवे? गास गावाजवळ ‘भाटेबंदर’ हे नाव अजून टिकून आहे. तिथे आता गलबत येण्याजोगे पाणी नाही. खाडी गाळाने भरत गेली, मग खाजणे झाली, मिठागरे झाली, आणि शेवटी भराव घालून इमारती उभ्या राहिल्या. जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि पश्चिम रेल्वेची वाहतूक ठप्प झाली, तेव्हा सगळ्यांनी नालेसफाईला दोष दिला. तो असेलही. पण पाणी मोठ्या प्रमाणात आपल्या जुन्या जागी आले होते, हेही कुणीतरी म्हणायला हवे होते.

आता दप्तराकडे वळतो. त्यातला सर्वांत बोलका कागद दगडाचा आहे आणि तो सोपाऱ्यात नाही, नाशिकला आहे. त्रिरश्मी डोंगरावरच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. उषवदात हा दिनीकाचा मुलगा आणि क्षत्रप नहपानाचा जावई. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्याचे लेख सांगतो. शोर्पारग म्हणजे आपले सोपारा. भरुकच्छ म्हणजे भडोच, गोवर्धन नाशिकजवळ, दशपूर माळव्यातले मंदसोर. म्हणजे दुसऱ्या शतकाच्या सुमारास प्रवाशांचा ओघ ज्या चार ठिकाणी सर्वाधिक होता, त्यांत सोपाऱ्याची गणना होत होती. पुढची ओळ मला नेहमी थांबवते. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने नावांनी मोफत उतार चालू केला आणि दोन्ही तीरांवर बसायला सभा व पाणपोया केल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. पारदा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा. मुंबईहून सुरतेला निघालेली गाडी आज याच नद्यांचे पूल ओलांडते. दोन हजार वर्षांपूर्वी सोपाऱ्याहून भडोचला निघालेल्या माणसालाही त्या आडव्या येत होत्या, आणि प्रत्येक तीरावर त्याला उतारासाठी खिसा चाचपावा लागत नव्हता. एका लेखात एवढी जिवंत वाट क्वचितच सापडते.

त्याच लेखात आणखी एक नोंद आहे. नाणंगोल गावातली बत्तीस हजार नारळाची झाडे उषवदाताने चरक नावाच्या पंथाच्या चार परिषदांना दिली. त्या चारांतली एक ‘शोर्पारगातील रामतीर्थ’ येथे होती. सोपाऱ्यात रामकुंड नावाचे एक कुंड आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याची सांगड या रामतीर्थाशी घातली. ती पटण्यासारखी आहे, कारण गावे ओस पडतात, राजे बदलतात, पण पाणवठ्याचे नाव सहसा बदलत नाही. आणि नारळ? नाळ्यापासून निर्मळपर्यंतच्या वाड्यांत तो आजही आहे.

सोपाऱ्याची माणसेही या लेखांत भेटतात. नाणेघाटात पाण्याच्या एका टाक्यावर दात्याचे नाव कोरले आहे: सोपाऱ्याचा गोविंददास. समुद्रकाठचा हा माणूस घाट चढून वर गेला आणि तहानलेल्या बैलांसाठी, तांड्यांसाठी कड्यावर टाके खोदवून आला. सोपाऱ्याचा माल जुन्नरकडे कोणत्या वाटेने जात होता, याचा याहून साधा पुरावा नको. कार्ल्याच्या चैत्यातल्या एका खांबाचा दाता सातिमित हाही सोपाऱ्याचा. तो धम्मुत्तरीय पंथाचा भाणक, म्हणजे बुद्धवचने तोंडपाठ म्हणून दाखवणारा भिक्षू. आपण दिलेला खांब धातूंसह, म्हणजे अवशेषांसह आहे, असे तो आवर्जून नोंदवतो. एक टाक्याचा दाता आणि एक पाठक. दोघांच्याही नावापुढे कुळाऐवजी गाव आहे. परगावी गेल्यावर आपली ओळख ‘सोपाऱ्याचा’ अशी सांगावी, इतकी त्या नावाला किंमत होती.

परक्यांच्या वहीतही ते नाव आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत भडोचच्या पुढच्या बाजारगावांच्या यादीत ‘सुप्पारा’ येते, लगेच पुढे ‘कल्लिएना’, म्हणजे कल्याण. तिथे गेलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ शकतात, असा इशाराही आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात कोकणची बंदरे कशी भरडली गेली, हे त्या एका वाक्यात दिसते. दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलात सोपारा आहे. पुढे अरब लेखक त्याला ‘सुबारा’ म्हणतात. उच्चार प्रत्येकाने आपापल्या जिभेप्रमाणे वळवला, पण कुणी दुसरे नाव ठेवले नाही.

हे सारे लेख बाहेरचे. सोपाऱ्याच्या स्वतःच्या मातीने तोंड उघडले ते १८८२ साली. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे काम जेम्स कॅम्पबेल पाहत होते आणि भगवानलाल इंद्रजी त्यांना मदत करत होते. भगवानलाल जुनागढचे, जन्म १८३९चा. त्यांचे बालपण गिरनारच्या पायथ्याशी गेले, आणि त्याच पायथ्याच्या शिळेवर अशोकाचे चौदा लेख कोरलेले आहेत. मुलगा असतानाच ती अक्षरे वाचण्याचे वेड त्यांनी घेतले आणि त्या वेडापायी ते मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. हा माणूस सोपाऱ्याला आला हे आपले भाग्य म्हणायचे. भाटेला तलावाजवळ अक्षरे असलेला एक फुटका दगड त्यांच्या हाती लागला. त्यावर मोजकाच मजकूर होता, पण गिरनारची ओळन्‌ओळ डोळ्यांखालून गेलेल्या माणसाला तो पुरेसा होता. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तो तुकडा होता. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहली करत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असे तो लेख सांगतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मगधाचा राजा सोपाऱ्याच्या लोकांना उद्देशून हे लिहवत होता. याचा अर्थ त्या काळी सोपारा राजाज्ञा लावण्याजोगे गजबजलेले ठाणे होते, आणि ती वाचून दाखवणारे कुणीतरी तिथे होते.

त्याच वर्षी ईस्टरच्या सुट्टीत गावाबाहेरची विटांची टेकडी खणली गेली. गाव तिला ‘बुरूड राजाचे कोट’ म्हणत असे. या नावावर थोडे थांबावेसे वाटते. शूर्पारक या संस्कृत नावात ‘शूर्प’ आहे, म्हणजे सूप. आणि सूप विणतो बुरूड. जुन्या नावाचा अर्थ गावाच्या तोंडात कुठेतरी उरला आणि त्यातून बुरूड राजा जन्मला असावा, असा माझा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. टेकडीखाली निघाला तो मात्र कुणा राजाचा कोट नव्हता. तो स्तूप होता.

विटांच्या पोटात एक गोल दगडी पेटी सापडली. झाकण उचलल्यावर मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याभोवती वर्तुळात बसवलेल्या आठ लहान धातुमूर्ती. सात मानुषी बुद्धांच्या आणि आठवी येणाऱ्या मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्यात सोन्याचा. मध्ये सोन्याची बारीक फुले, मणी, खडे. आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. भगवानलालांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून पूजले गेलेले तुकडे ठरवले. कुंभाराच्या चाकावरची साधी खापरे, आणि त्यांच्याभोवती सोने, स्फटिक, दगड, चांदी, तांबे असे एकाबाहेर एक. ज्या हातांनी ही रचना केली त्यांना कशाची किंमत किती हे पक्के ठाऊक होते.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या पेटीतल्या दोन गोष्टी अधिक मोलाच्या आहेत. एक, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे, म्हणजे दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. दुसरी, त्या आठ मूर्ती. त्यांची घडण सातवाहनकाळाची नाही, ती आठव्या-नवव्या शतकातली आहे, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले. एकाच पेटीत सहा-सातशे वर्षांच्या अंतराच्या वस्तू. याचा सरळ अर्थ असा की स्तूप मध्यंतरी एकदा तरी उघडला गेला, नव्या मूर्ती आत ठेवल्या गेल्या आणि तो श्रद्धेने पुन्हा बंद केला गेला. लुटारूने उघडला असता तर सोन्याची डबी तिथे राहिली नसती. म्हणजे राष्ट्रकूटांच्या काळातही सोपाऱ्यात स्तूपाची देखभाल करणारा बौद्ध समाज होता. शेजारच्या कान्हेरीतले लेख याला दुजोरा देतात. तिथे इ. स. ८५३च्या लेखात थेट गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला उपासक दान देताना दिसतो. सातवाहनांबरोबर कोकणातला बौद्ध धर्म आटला, असे अजूनही कुठे कुठे लिहिले जाते. सोपाऱ्याची पेटी ते खोटे ठरवते.

शिलाहारांच्या अमलातही बंदर जागे होते. खारेपाटणला सापडलेल्या अनंतदेवाच्या ताम्रपटात (शके १०१६, म्हणजे इ. स. १०९४) भाभण श्रेष्ठी आणि धणाम श्रेष्ठी या भावांच्या गलबतांना जकात माफ केली आहे. ज्या बंदरांत ही माफी लागू होती त्यांत स्थानक, नागपूर आणि चेमूल्य यांच्या जोडीने शूर्पारक आहे. स्थानक म्हणजे ठाणे, चेमूल्य म्हणजे चौल. माफी देण्याइतकी जकात जिथे जमते, ते बंदर मेलेले नसते. बाराव्या शतकात अपरादित्याचा दूत तेजकंठ काश्मीरच्या पंडितसभेत गेल्याचे मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’त आहे, आणि तिथेही शूर्पारकाचा उल्लेख आहे. त्याच सुमाराची शिल्पे आज चक्रेश्वर तलावाकाठच्या देवळात ठेवलेली दिसतात. ब्रह्मदेवाची मूर्ती महाराष्ट्रात सहजासहजी भेटत नाही, ती इथे उभी आहे.

१३२१च्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डेनस हा डोमिनिकन साधू त्या वेळी ठाण्याबाहेर होता. त्याने परतून ते देह ‘सुपेरा’ला, म्हणजे सोपाऱ्याला, नेऊन पुरले, आणि हे त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवले. ठाणे ते सुपेरा या टापूत पस्तीस जणांना बाप्तिस्मा दिल्याचीही नोंद त्याच्या पत्रात आहे. वसईत पोर्तुगीज आले ते याच्या दोनशे वर्षांनंतर. वसईचा ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या गलबतातून आला, हे म्हणणे बहुतांशी खरे असले तरी पुरते खरे नाही, एवढे जॉर्डेनसचे पत्र दाखवते.

पुढचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण सोपारा तिथून वसईच्या सावलीत गेले. डिसेंबर १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मोठ्या जहाजांना खोल पाणी लागत होते आणि खाडी तर भरत चालली होती. व्यापार, किल्ला, सत्ता सारे वसईकडे सरकले. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, पण सोपाऱ्याचे बंदर काही परत आले नाही. ते बागायतीचे गाव झाले.

बंदर गेले, वस्ती मात्र गेली नाही. सोपारा-गास-भुईगाव-निर्मळ या पट्ट्यात वाडवळ, भंडारी, कोळी, आगरी, मुसलमान, सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती एकमेकांना लागून राहतात. सामवेद्यांची कादोडी बोली ब्राह्मणाच्या घरात ऐकू येते तशीच ख्रिस्ती घरातही. धर्म बदलला, पण बोली, वाडी आणि विहीर बदलली नाही. केळी, नागवेल, फुले हे इथले पीक. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी हा वसईचा खास मेवा. ही हिरवळ राखण्यासाठी नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून लढले. तेच २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे या पट्ट्याच्या मराठीपणाबद्दल पुरेसे सांगते.

रुळांच्या दोन्ही बाजूंना मात्र वेगळेच शहर उभे राहिले. विरारहून मुंबईकडे गाडी धावू लागली ती १८६७ साली. पण शहर वाढले ते गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत, मुंबईत घर न परवडणाऱ्यांचे. जुलै २००९मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली, आणि २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेली ही माणसे आहेत. जुने लोक त्यांना ‘बाहेरचे’ म्हणतात तेव्हा मला उषवदाताच्या धर्मशाळा आठवतात. सोपारा बाहेरच्या माणसांवरच मोठे झाले होते.

सोपाऱ्याची अक्षरे मात्र सोपाऱ्यात नाहीत. पेटी, करंडक आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्या जिवापाड जपल्या गेल्या, याबद्दल कृतज्ञच राहायला हवे. पण ज्या गावाच्या पोटातून त्या निघाल्या तिथल्या शाळकरी मुलाने त्या कधी पाहाव्यात? स्तूपाची जागा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. बुद्धपौर्णिमेला तिथे उपासकांची गर्दी होते. विटांच्या त्या उंचवट्याशेजारी करंडकांच्या आणि शिलालेखाच्या उत्तम प्रतिकृती व मराठी अनुवाद ठेवणे ही काही कोट्यवधींची मागणी नाही.

एक नोंद उरली. १९५६ साली, म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. आ. गोरे यांना भुईगावात अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. लोक आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलकृत्ये करतात, पण नोकराचाकरांशी नीट वागण्यासारखे धर्माचरण हेच खरे मंगल, असे त्यात राजा सांगतो. तो दगड आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आठवा लेख सोपाऱ्यात, नववा काही किलोमीटरवरच्या भुईगावात, आणि दोन्ही निरनिराळ्या दगडांवर. त्यावरून इथेही गिरनारसारखी चौदा लेखांची मालिका होती, फक्त ती सुट्या शिळांवर कोरली होती, असेच दिसते. चौदांपैकी दोनांचेच तुकडे आजवर हाती आले आहेत. म्हणून वसई तालुक्यातल्या वाचकांना सांगणे आहे: घराचा पाया खणताना, विहीर उपसताना किंवा जुना बांध फोडताना ओळीत कोरलेल्या खुणा असलेला काळा दगड निघाला, तर त्यावर घण घालू नका, तो पायात चिणू नका. तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा.